क्षमा केली, म्हणून मुके राहावे काय?

अलीकडे खेड्यापाड्यांतील आपल्या मंडळ्यांमध्ये एक प्रश्न पुष्कळदा कानी येतो. मुलाच्या कॉलेजप्रवेशासाठी, आजाऱ्याच्या औषधोपचारासाठी, कोणाच्या लग्नासाठी किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत चार दिवस हवापालट म्हणून आपले लोक शहरात जातात, व पूर्वीप्रमाणे नातलगाच्या दारी न उतरता मोबाइलवर चित्रे पाहून दिवसाच्या भाड्याने एखादा फ्लॅट घेतात. तेथे पोहोचल्यावर चित्रात एक व प्रत्यक्षात दुसरेच आढळते. पैसे तर आगाऊ देऊन चुकलेले असतात. मग घरी परतल्यावर वाद पडतो. एक म्हणतो, झाले ते झाले. आपण ख्रिस्ताचे लोक, आपण क्षमा करावी. घरमालकाविषयी चारचौघांत वाईट लिहिणे ही चहाडीच होय. दुसरा म्हणतो, लबाडी पाहून गप्प बसणारा त्या लबाडीचा भागीदार होतो. दोघेही शास्त्राचा आधार देतात, व दोघांचीही मने सरळ असतात. यांत कोणाचे खरे, याचा विचार आज करावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे पाहिले पाहिजे की, मुक्कामाची रीत बदलली तशी साक्षीची रीतही बदलली आहे. आमच्या आजोबांच्या काळी खेड्यातला ख्रिस्ती मनुष्य नगरास किंवा पुण्यास निघाला म्हणजे त्याच्या खिशात पाळकसाहेबांची चिठ्ठी असे. ती दाखविली की परक्या मंडळीत त्याला जागा व भाकर मिळे. चिठ्ठी लिहिणाऱ्याची अब्रू तिच्या मागे उभी असे, म्हणून ती कोणालाही लिहून दिली जात नसे. आणि आलेल्या पाहुण्यास कोणी वाईट वागविले, तर तेही पाळकसाहेबांच्या कानी गेल्यावाचून राहत नसे. म्हणजे यजमान व पाहुणा या दोघांमध्ये तिसरा एक ओळखीचा मनुष्य असे. ज्यांना अशी ओळख नव्हती ते धर्मशाळेत किंवा सराईत उतरत. सरायांविषयी तर सरकारने 1867 साली निराळा कायदाच केला होता. खोल्या, ओसऱ्या व गटारे साफ ठेवावी, पाण्याची विहीर किंवा टाके स्वच्छ करावे, भिंती, दारे व छपरे दुरुस्त राखावी, पहारेकरी ठेवावे, व भाड्याचे दर लोकांस दिसतील असे लावावे, ही कर्तव्ये त्यात सराईवाल्याच्या माथी घातलेली होती. वाचकांनी ही यादी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

आताचा फ्लॅट ना धर्मशाळा, ना सराई, ना नातलगाचे घर. घरमालक कोण हे ठाऊक नसते. पुष्कळदा त्याचे तोंडही दिसत नाही, किल्ली वॉचमनकडे किंवा दारावरच्या आकड्यांच्या पेटीत असते. पाळकसाहेबांच्या चिठ्ठीची जागा आता पूर्वी राहून गेलेल्या अनोळखी पाहुण्यांनी लिहिलेल्या चार ओळींनी व त्यांनी दिलेल्या ताऱ्यांनी घेतली आहे. त्या चार ओळी वाचूनच पुढचा मनुष्य आपले पैसे, आपली बायकामुले व आपली झोप त्या घराच्या हवाली करतो. ज्याने त्या लिहिल्या त्याला तो कधी भेटणार नाही. तरीही त्याचा विश्वास त्या लिहिणाऱ्यावर असतो. ही साक्षच आहे; दहा आज्ञांमध्ये जी खोटी देऊ नये असे सांगितले आहे तीच.

आता हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक घडलेली गोष्ट सांगतो. 2024 च्या मे महिन्यात आम्ही, आमची पत्नी, आमची भगिनी व तिचा पाच वर्षांचा मुलगा असे चौघे तीन रात्रींसाठी आकुर्डीस उतरलो होतो. आकुर्डी हे काही हवा खाण्याचे ठिकाण नव्हे, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु पुणे ते लोणावळा या लोकलच्या मार्गावर चिंचवड व देहूरोड यांच्या मध्ये ते स्टेशन आहे. तेथून एका बाजूस पुणे व दुसऱ्या बाजूस कार्ल्याची लेणी व लोणावळा ही सर्व थोडक्या पैशांत दाखविता येतात, आणि लोणावळ्यातील सुट्टीचे भाडे आमच्यासारख्यांस परवडण्याजोगे नसते. रात्रीस 1800 रुपये, असे 5400 रुपये आम्ही आगाऊ भरले. चित्रात उजेडाची खोली, खिडकीबाहेर हिरवी झाडे, पांढऱ्या चादरी व चौथ्या मजल्यावरची हवेशीर गॅलरी दिसत होती.

खोली होती, परंतु खिडकी उघडताच हात लांब केला तर शेजारच्या इमारतीच्या भिंतीस लागावा इतकेच अंतर. झाडे कोणत्या खिडकीतून टिपली होती ते आम्हांस कळले नाही. चादरी धुतलेल्या होत्या, पण डागाळलेल्या. सकाळी आठ वाजता नळ कोरडा पडला. पिंपरी-चिंचवड महापालिकेने 2019 च्या नोव्हेंबरापासून शहरात एक दिवसाआड पाणी देण्याचा क्रम सुरू केला, व त्या उन्हाळ्यात तोच क्रम चालू होता. हे तेथील प्रत्येक रहिवाशास ठाऊक असते व तो पिंपे भरून ठेवतो. पाहुण्यास ते कोणी सांगितले नव्हते, व घरात भरून ठेवण्यास एक बादली होती. हे सर्व आम्ही फारसे मनास लावून घेतले नाही. खेड्यातल्या माणसाला पाण्याच्या टंचाईचे नवल ते काय! परंतु गॅलरीचा कठडा पाहिला आणि पोटात गोळा आला. लोखंडी गज एका टोकास भिंतीतून सुटलेला होता व तो तारेने बांधून ठेविलेला होता. मोठ्या माणसाने टेकले असते तर तो हलला असता. पाच वर्षांचे पोर त्याच्या फटीतून सहज गेले असते. तीन दिवस आम्ही गॅलरीचे दार दोरीने बांधून त्यापुढे खाट आडवी लाविली.

आणखी एक गोष्ट. आम्ही पोहोचण्यापूर्वीच मालकाचा फोन आला की, वॉचमनने विचारले तर आम्ही मालकांचे मामेभाऊ आहो असे सांगा, कारण सोसायटी रोजच्या भाडेकऱ्यांस हरकत घेते. म्हणजे उंबरा ओलांडण्याचे भाडे म्हणून आमच्याकडून आणखी एक खोटे मागितले होते, व ते भाड्याच्या आकड्यात दाखविलेले नव्हते. आम्ही वॉचमनला खरे ते सांगितले. तो बिचारा गोंधळला, सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले, अर्धा तास बोलणे झाले; बरोबर लहान मूल पाहून त्यांनी आम्हांस वर जाऊ दिले व मालकास काय लिहावयाचे ते आपण लिहू असे म्हणाले. ते सभ्य गृहस्थ होते. मालकाचा मात्र आमच्यावर राग झाला.

येथे वाचक विचारील, पहिली गोष्ट कोणती केली? मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने जो क्रम लावून दिला आहे तो प्रत्येकास पाठ आहे: आधी एकट्याने त्या एकट्यास, मग एकदोघांस बरोबर घेऊन, व त्याउपर मंडळीस. हा क्रम भावाभावांसाठी दिलेला आहे, घरमालक व भाडेकरू यांच्यासाठी नव्हे, असा आक्षेप आम्ही ऐकला आहे. आमच्या मते ज्या न्यायाने भावास वागवावे त्याहून कमी न्यायाने परक्यास वागविण्याची मोकळीक आपणांस कोठेही दिलेली नाही. म्हणून त्याच संध्याकाळी आम्ही मालकास फोन केला, पाण्याचे, खिडकीचे व कठड्याचे सांगितले. उत्तर आले की, 1800 रुपयांत राजवाडा मिळत नसतो. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींस वर बोलावून कठडा दाखविला. त्यांनीही मालकास फोन केला. कठड्यासाठी माणूस पाठवितो, असे तेव्हा सांगण्यात आले. तो माणूस आम्ही असेपर्यंत आला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आम्ही मालकास क्षमा केली काय? होय, केली. आमचे 5400 रुपये, आमची मोडलेली झोप, आमचा अपमान, ही सर्व आमची येणी होती, व ती सोडून देण्याचा अधिकार आम्हांस होता. परंतु क्षमा या शब्दाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. देणेकऱ्याचे कर्ज धनकोनेच सोडावयाचे असते. रामभाऊंचे कर्ज गोविंदरावांनी माफ केले, असे कोठे होते काय? पुढच्या आठवड्यात त्या खोलीत जे कुटुंब उतरणार होते, त्याच्या मुलाच्या जिवाचे जे देणे मालकावर होते, ते आम्ही कोणत्या अधिकाराने सोडणार? ते आमचे नव्हतेच. आमच्या मौनाने मालकाला क्षमा मिळत नव्हती. त्या न पाहिलेल्या मुलाच्या नावाने आम्ही परस्पर सही करीत होतो, एवढेच त्याचे स्वरूप झाले असते.

आपल्या मंडळ्यांत सौम्यपणाचे जे शिक्षण दिले जाते ते आम्हांस प्रिय आहे. पण त्याचा एक विपर्यास आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहतो. स्वतःचे नुकसान सोसणे व दुसऱ्याचे नुकसान होऊ देणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी एकाच शांत चेहऱ्याने केल्या जातात, व दोहोंस सोशिकपणा हेच नाव मिळते. बहुधा दुसऱ्या गोष्टीच्या मुळाशी प्रीती नसते, संकोच असतो. कोण वाईटपणा घेणार, हा विचार असतो. मोशेच्या नियमशास्त्रात आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये असे सांगितले आहे. अडखळण दुसऱ्याने ठेविले व आपण ते ओलांडून पुढे गेलो, मागून आंधळा येत आहे हे ठाऊक असून हाक मारली नाही, तर आपला हात स्वच्छ राहिला असे म्हणता येईल काय? आणि कठड्याविषयी तर अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात स्पष्टच आज्ञा आहे: नवे घर बांधणाऱ्याने धाब्यास कठडा करावा, नाही तर तेथून कोणी पडल्यास त्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या या नियमाची इतक्या जवळून आठवण होईल असे आकुर्डीच्या चौथ्या मजल्यावर जाईपर्यंत आम्हांस वाटले नव्हते.

या कसोटीवर आमच्या तक्रारी आपोआप निवडल्या गेल्या. चादरीचे डाग, बाथरूमचा मोडका आरसा, मालकाचे उर्मट बोलणे, ही आमची येणी. ती सोडली, व त्यांविषयी एक अक्षरही लिहिले नाही. पाणी व खिडकी यांत पुढच्याची फसवणूक होती, ती लिहावयाची. कठडा तर लिहावयाचाच, आणि तोही पहिल्या ओळीत.

परंतु लिहिण्यापूर्वीच मालकाचा निरोप आला. त्याच्या बोलण्यात आता साखर होती. अर्धे पैसे, म्हणजे 2700 रुपये, तो परत करणार. मात्र आम्ही पाच तारे द्यावे, निदान काहीच लिहू नये. आमच्या भगिनीची मिळकत अल्प आहे. तिने आमच्याकडे पाहिले, व 2700 रुपये म्हणजे तिच्या मुलाच्या शाळेचे गणवेश, वह्या व आणखी काही, हे आम्हां दोघांसही न बोलता कळले. मोहाची गोष्ट अशीच असते. सैतान शिंगे लावून येत नाही, शाळेच्या फीचा आकडा घेऊन येतो. पैसे परत मागण्याचा आम्हांस हक्क होता यात शंका नाही. पण ते पैसे नुकसानभरपाई म्हणून दिले जात नव्हते. ती साक्षीची किंमत होती. नुकसानीची भरपाई घेणारा मनुष्य मोकळ्या तोंडाने घरी जातो, साक्ष विकणारा बांधलेल्या तोंडाने. आम्ही कळविले की, पैसे द्यावयाचे तर अटीवाचून द्यावे. नाही तर नको. ते आले नाहीत.

असले अभिप्राय विकत घेण्याचा धंदा इतका माजला की, भारतीय मानक ब्यूरोने 2022 च्या नोव्हेंबरात ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी एक मानक प्रसिद्ध केले. विकत घेतलेले किंवा त्याच कामासाठी नेमलेल्या माणसांकडून लिहवून घेतलेले अभिप्राय छापू नयेत, असा त्याचा रोख आहे. एअरबीएनबी या अमेरिकन कंपनीने (आम्ही ज्या यादीतून हे घर घेतले ती निराळी; तिचे नाव येथे नको) 2014 सालापासून अशी रीत ठेविली की, यजमानाने पाहुण्याविषयी व पाहुण्याने यजमानाविषयी जे लिहावयाचे ते दोघांचेही लिहून झाल्यावर, किंवा चौदा दिवसांची मुदत संपल्यावरच उघड व्हावे. कारण, तू माझे वाईट लिहिलेस तर मी तुझे लिहीन, या भीतीने दोघेही एकमेकांची खोटी स्तुती करीत. मनुष्यस्वभाव पाहावा तो असा!

कायद्याचा रस्ताही आहे, व तो खेड्यातील वाचकांस ठाऊक असावा म्हणून येथे थोडक्यात सांगतो. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 2020 च्या जुलैपासून अमलात आला. त्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व सेवेतील उणिवेची दाद मागता येते. तक्रारदाराने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करावी, त्यासाठी दूरच्या शहरी खेटे घालावे लागत नाहीत. व पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास फी नाही. 1915 या क्रमांकावर सरकारी ग्राहक मदतवाहिनी आहे. आम्ही त्या वाटेने गेलो नाही, कारण आमचे येणे आम्ही सोडले होते. ज्यास सोडवत नाही, किंवा ज्याची तीन महिन्यांची पुंजी बुडाली आहे, त्याने जावे. त्यात पाप नाही.

आता लिहिण्याची रीत. येथे एक अडचण उभी राहिली, व ती आम्हांस सर्वांत अवघड वाटली. ती खोली झाडण्यास एक बाई येत असे. तिसऱ्या दिवशी ती आमच्या पत्नीस म्हणाली, ताई, मागच्या खेपेस कोणी घाण होती असे लिहिले, तेव्हा मालकांनी माझा आठवड्याचा पगार कापला. पाणी नसता फरशी कशाने पुसावी? चादरी जुन्या असता त्यांचे डाग कसे काढावे? म्हणजे आमच्या खऱ्या साक्षीची काठी मालकाच्या पाठीवर न पडता त्या बाईच्या पाठीवर पडणार होती! सत्य बोलणाराने, आपले सत्य कोणावर कोसळते हे पाहू नये काय? काही लोक म्हणतात, आम्ही खरे ते बोललो, पुढचे देव पाहील. हे आम्हांस पटत नाही. सत्याची जबाबदारी ते उच्चारल्याबरोबर संपत नाही. म्हणून आम्ही स्वच्छतेविषयी स्पष्टपणे लिहिले की, झाडलोट करणारी बाई प्रामाणिक व कष्टाळू आहे, व जे उणे आहे ते पाण्याचे व सामानाचे आहे. ही चार शब्दांची पुस्ती नसती, तर आमचे लिहिणे खरे असूनही अन्यायाचे झाले असते.

दुसरी गोष्ट अतिशयोक्तीची. रागाच्या भरात मनुष्य एका झुरळाचे शंभर करतो. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात एक गिऱ्हाईक आहे. माल घेताना तो वाईट वाईट म्हणून नाक मुरडतो व वाटेस लागल्यावर स्वस्त मिळाला म्हणून फुशारकी मारतो. तेथे खोटा विकणारा नाही, घेणारा आहे. आजकाल काही पाहुणे आधी धमकी देतात की, पैसे कमी करा, नाही तर एक तारा देऊ. मालक साक्ष विकत घेऊ पाहतो, हे साक्ष विकावयास काढतात. तराजू एकच, पारडी दोन. पहिल्या शतकांतील ख्रिस्ती मंडळ्यांनाही पाहुण्यांकडून असा ताप होत असावा. 'बारा प्रेषितांचे शिक्षण' म्हणून जो प्राचीन ग्रंथ 1883 साली प्रथम छापून प्रसिद्ध झाला, त्यात असा दंडक आहे की, आलेल्या प्रेषिताचे स्वागत करावे, त्याने एक दिवस, फार तर दोन दिवस राहावे. तिसरा दिवस राहील तर तो खोटा समजावा. म्हणजे पाहुणचार करा, पण डोळे मिटून करू नका, असा त्या जुन्या लोकांचा व्यवहार होता.

चहाडी व साक्ष यांतील भेद दाखविण्यास योहानाचे तिसरे पत्र पुरे आहे. आपल्या पवित्र शास्त्रातील ते अगदी लहान पत्रांपैकी एक, व त्याचा सारा विषय पाहुणचार हाच आहे. गायस परक्या बांधवांस आपल्या घरी उतरवून घेतो, त्याची त्यात वाखाणणी आहे. देमेत्रियाविषयी चांगली साक्ष आहे. आणि दियत्रफेस बांधवांस घरात घेत नाही, घेणारांसही अडवितो, हे त्याच्या नावानिशी लिहिलेले आहे. ज्या वडिलांनी प्रीतीविषयी इतके लिहिले त्यांनी हे नाव झाकून ठेविले नाही. पण बारकाईने पाहावे: त्यांनी दियत्रफेसाच्या कृती सांगितल्या, त्याच्या कुळाविषयी, रूपाविषयी काही लिहिले नाही, आपण स्वतः आलो म्हणजे त्याच्या समोर हे बोलू असे कळविले, आणि ज्याच्या उपयोगाचे होते त्यालाच लिहिले. चहाडखोराला तोंडावर बोलणे नको असते. साक्षीदार तोंडावर जे बोलतो तेच पाठीमागे लिहितो. आम्ही मालकास फोनवर जे सांगितले होते त्याहून एक शब्दही अधिक लिहिला नाही.

मालकाचीही एक बाजू आहे, व ती न सांगणे बरे नव्हे. फोनवरच्या त्याच्या बोलण्यावरून इतके समजले की, फ्लॅट बँकेच्या कर्जावर घेतलेला आहे, हप्ता दरमहा भरावा लागतो, व महिन्याच्या भाडेकऱ्याच्या भाड्यात तो निघत नाही. हा सारा पट्टा कारखान्यांवर उभा राहिला. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 साली आले, 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आकुर्डीस बजाजच्या स्कूटरी होऊ लागल्या, व गावोगावचे तरुण येथे कॉट बेसिसवर, एका खोलीत सहासहा जण, पाळीपाळीने झोपून दिवस काढू लागले. 2007 साली बजाजने आकुर्डीतील गाड्यांचे उत्पादन थांबविले. जागा म्हणजे येथे नेहमीच पैसा. घर म्हणजे आधी हप्ता, मग आसरा. अशा माणसाने कठड्याचा खर्च पुढच्या महिन्यावर ढकलला तर त्याच्यात व आपल्यात फार अंतर आहे असे समजू नये. परंतु हप्त्याचा भार सांगून त्याला दया मागता येते. तारेने बांधलेल्या कठड्याचे चित्र हवेशीर गॅलरी म्हणून विकता येत नाही. शोमरोनी मनुष्याने त्या अर्धमेल्या प्रवाशाला ज्या उतारशाळेत नेले तिचा मालकही पैसे घेणाराच होता. दोन दीनार त्याने घेतले. त्यात काही उणेपणा नाही. पण शोमरोनी निघून गेल्यावर खाटेवरचा तो मनुष्य तक्रार करण्याच्या स्थितीत नव्हता, व पाहणारे कोणी नव्हते. भाड्याचा पाहुणचारही पाहुणचार राहतो की नाही, याची परीक्षा त्या दोन दिवसांत होते.

आणि आकुर्डीस पाहुणचार माहीत नाही असेही नव्हे. देहूहून निघणाऱ्या तुकाराम महाराजांच्या पालखीचा, देहू सोडल्यानंतरचा पहिला मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. 1685 साली त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी हा सोहळा सुरू केला. त्या एका रात्री हजारो वारकरी गावात उतरतात. शाळा, मंडप, लोकांच्या ओसऱ्या भरून जातात, भाकरी व पाणी दिले जाते, व कोणी कोणाकडून तारे मागत नाही. आमच्या हिंदु बंधूंची ही रीत तेथील सेक्रेटरींनीच आम्हांस सांगितली, आणि आपल्याच गावातल्या या खोलीची त्यांना लाज वाटत होती हे त्यांच्या बोलण्यावरून दिसले.

आम्ही जे लिहिले ते असे. गॅलरीचा कठडा भिंतीपासून सुटलेला असून तारेने बांधला आहे, लहान मुले घेऊन येणारांनी तो दुरुस्त झाल्याची खात्री करून घ्यावी. नळास एक दिवसाआड पाणी येते, साठवणीस एक बादली आहे. खिडकीसमोर भिंत आहे, झाडे नाहीत. वॉचमनला नातेवाईक म्हणून सांगण्यास सांगितले जाते. झाडलोटीची बाई चांगली आहे. स्टेशन पायी जाण्याजोगे जवळ आहे. तारे आम्ही दोन दिले. पत्नीचे म्हणणे एक द्यावा असे होते, भगिनीचे तीन. मालकाने खाली उत्तर लिहिले की, हे पाहुणे भांडखोर आहेत. ते अजून तसेच आहे. जूनच्या अखेरीस सेक्रेटरींचा फोन आला, तेव्हा आम्ही त्या बाईविषयी आधी विचारले. तिचा पगार कापला नव्हता. कठड्यास वेल्डिंग झाले आहे, असे ते म्हणाले. झाडांचे चित्र मात्र यादीत आहे तसेच होते.